कापसाचा भाव आणि जिनिव्हाचे गणित

(नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



गेल्या हंगामात वर्धा जिल्ह्यातील एका बाजार समितीच्या आवारात मी उभा होतो. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. ओलावा मोजणारे यंत्र फिरत होते, ग्रेडर मूठभर कापूस ओढून धागा पाहत होता. रांगेतल्या एका वयस्कर शेतकऱ्याने मला विचारले, “भाऊ, हा भाव ठरवते तरी कोण जी?” मी काही बोलण्याआधी त्यानेच उत्तरे सुचवली : व्यापारी, सरकार, की अमेरिका? तिन्ही उत्तरे थोडी बरोबर होती, आणि चौथे त्याला माहीत नव्हते. ते चौथे उत्तर आज आपल्यापुढे मांडायचे आहे. जगातील राष्ट्रे एकत्र बसून आर्थिक व सामाजिक धोरणांचे नियम कसे ठरवतात, या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी तो विषय विदर्भाच्या कापसाच्या वाटेने मांडणार आहे, कारण आपल्या घरात पोहोचलेली ही एक वाट आपण नीट पाहिली तर बाकीच्या वाटाही कळतात.

विदर्भाच्या कापसाचा भाव परक्या मुलुखात ठरणे ही काही आजची गोष्ट नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली, तिच्यामागे कापसाचे मोठे आकर्षण होते. ‘हिंगणघाट’ हे नाव तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचे नाव म्हणून परिचित होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी याच नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती या कापसाला जवळच गिरणी मिळावी म्हणून. आज रुईचा वायदा न्यूयॉर्कमध्ये होतो, आणि जगभर ज्याचा हवाला दिला जातो तो कॉटलुक निर्देशांक लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या तीरावरून निघतो. म्हणजे दीडशे वर्षांत नदीचा एक काठ सुटला, एवढाच काय तो फरक! पण बाजार ही एक गोष्ट आणि बाजाराचे नियम ही दुसरी. नियम बाजारात ठरत नाहीत, ते सभागृहात ठरतात. त्या सभागृहांकडे आता वळू.

आपल्यापैकी अनेकांना मार्च २०२३ आठवत असेल. वर्धा रोडच्या भिंती रंगल्या, दिवे लागले, कारण ‘जी-२०’ च्या अध्यक्षपदाच्या वर्षात ‘सी-२०’ म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची प्रारंभिक परिषद नागपुरात भरली होती. शहराला त्याचा रास्त अभिमान वाटला. परंतु ‘जी-२०’ ही संघटना म्हणावी अशी वस्तूच नाही. तिला घटना नाही, कायमचे सचिवालय नाही, कुणाला दंड करण्याचा अधिकार नाही. वर्षाच्या शेवटी एक संयुक्त निवेदन निघते आणि त्यातल्या शब्दांसाठी रात्ररात्र जागरण होते. बंधन केवळ प्रतिष्ठेचे असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना याहून वेगळी. तिथे सरकार, मालक आणि कामगार असे तिघे बसतात, करार संमत करतात आणि प्रत्येक देशाने तो स्वीकारावा की नाही हे त्या देशावर सोडतात. नाणेनिधीत मत वजनाने मोजतात. महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे १६.५ टक्के आहेत, म्हणजे तिच्या इच्छेविरुद्ध काही होणे नाही. जागतिक व्यापार संघटनेत मात्र, निदान कागदावर, प्रत्येक देशाचे मत सारखे आणि निर्णय सर्वसंमतीने. तिथे न्यायनिवाड्याची व्यवस्थाही आहे. ‘होती’ म्हणावे का, ते पुढे पाहू.

श्रम संघटनेचे एक उदाहरण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९१९ साली वॉशिंग्टनला तिची पहिली परिषद झाली. भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते ते नारायण मल्हार जोशी, आपल्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचे. त्या परिषदेने जगासाठी कामाचे तास आठवड्याला ४८ ठरवले आणि भारतासाठी वेगळे कलम घालून ६० ठरवले. हा भेदभावच होता. तरीही १९२१ मध्ये भारताने तो करार स्वीकारला आणि १९२२ मध्ये कारखाने कायदा बदलून आठवड्याचे ६० तास ही मर्यादा आली. त्यापूर्वी कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस कायद्याने बारा तासांपर्यंत जाऊ शकत होता. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या सभेचा परिणाम एम्प्रेस मिलच्या भोंग्यापर्यंत पोहोचला तो असा. परकीय सभागृहातून येणारे सगळेच वाईट असते, असे आपण म्हणू नये, ते यासाठी.

आता दुसरे नाव, ज्याच्यावर खरे तर नागपूरकरांचा अधिक हक्क आहे. चिंतामणराव देशमुख हे जन्माने आणि घराण्याने कुलाब्याचे, परंतु सनदी सेवेतली त्यांची सुमारे दोन दशके मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली. या प्रांताचे ते अर्थसचिव होते. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांची परिषद भरली आणि नाणेनिधी व जागतिक बँक जन्माला आली, तेव्हा देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर या नात्याने भारताच्या शिष्टमंडळात होते. शिष्टमंडळाचे नेतृत्व इंग्रज अर्थसदस्याकडे, देश परतंत्र. अशा स्थितीत षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि देशमुख यांनी तीन प्रश्न लावून धरले.

पहिला प्रश्न पैशाचा. युद्धकाळात ब्रिटनने भारताकडून माल घेतला आणि त्याबदली लंडनमध्ये पौंडांच्या नोंदी केल्या. त्या पौंडांचे डॉलरमध्ये रूपांतर नव्या नाणेनिधीमार्फत व्हावे, अशी मागणी होती. केन्सने आभार मानले आणि हा आमचा आपसातला प्रश्न आहे, असे सांगून दार बंद केले. दुसरा प्रश्न उद्देशाचा. मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हा शब्दप्रयोग निधीच्या उद्देशात यावा, असा आग्रह होता. शेवटी ‘सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास’ असे सैल शब्द पदरात पडले. तिसरा प्रश्न वाट्याचा, कारण वाट्यावर मत ठरते. भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला, फ्रान्सला ४५ आणि चीनला ५५ कोटी. पुढे सोव्हिएत रशिया निधीत आलाच नाही, तेव्हा भारत पहिल्या पाचांत गेला आणि कार्यकारी मंडळावर त्याला स्वतःचा संचालक नेमता आला. तीनपैकी एक हरले, एक अर्धे मिळाले, एक जिंकले. परतंत्र देशाच्या माणसांनी केवळ आकडे पाठ करून एवढे मिळवले! १९५० साली पॅरिसला निधी आणि बँक यांची संयुक्त वार्षिक सभा झाली, तेव्हा तिच्या अध्यक्षपदी देशमुख होते.

ही कथा मी रंगवून सांगत बसत नाही, कारण पुढचा भाग तितका सुखद नाही.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी स्वदेशी जागरण मंचाची स्थापना याच नागपुरात झाली. महिनाही उलटला नव्हता तोच २० डिसेंबरला गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी आपला मसुदा राष्ट्रांपुढे ठेवला. तो ‘डंकेल प्रस्ताव’ या सभागृहातील ज्येष्ठांना चांगलाच आठवत असेल. मोर्चे निघाले, सभा झाल्या, पत्रके वाटली गेली. आर्वीच्या मातीतून आलेले दत्तोपंत ठेंगडी यांनी त्या काळात हा विषय गावोगाव नेला. परंतु आज आपण घरचेच लोक बसलो आहोत म्हणून स्पष्ट बोलतो. विरोध करणाऱ्या आपल्यापैकी आणि स्वागत करणाऱ्या त्यांच्यापैकी, कृषी कराराचे तिसरे परिशिष्ट किती जणांनी वाचले होते? मी त्या वेळी तरुण होतो, घोषणा देण्यात पुढे होतो, आणि मी ते वाचले नव्हते. पेटंट, बियाणे यांची चर्चा खूप झाली, ती आवश्यकही होती. पण कापसाच्या आणि उसाच्या गळ्याला पुढे जो फास लागला तो त्या तिसऱ्या परिशिष्टाच्या नवव्या परिच्छेदात होता.

तिथे असे म्हटले आहे की, सरकार हमीभावाने शेतकऱ्याला किती अनुदान देते हे मोजायचे झाल्यास आजच्या हमीभावाची तुलना आजच्या जागतिक किमतीशी करायची नाही. ती १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या किमतीशी करायची, आणि ती किंमत कायमची गोठलेली. जो फरक येईल त्याला पात्र उत्पादनाने गुणायचे. विकसनशील देशाच्या बाबतीत हे अनुदान त्या पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांपुढे जाता कामा नये.

आकडा घेऊन पाहू. हा आकडा काल्पनिक आहे, केवळ समजण्यासाठी. समजा, त्या तीन वर्षांत एखाद्या मालाची किंमत क्विंटलला १०० डॉलर होती. डॉलर तेव्हा सुमारे १३ रुपयांना होता, म्हणजे १,३०० रुपये. आज त्याच मालाला आपण ८,००० रुपये हमीभाव दिला. रुपयांत हिशेब केला तर फरक ६,७०० रुपयांचा, आणि तो सगळा ‘अनुदान’ ठरतो! आता तोच हिशेब डॉलरमध्ये करा. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ८,००० रुपये म्हणजे ९४ डॉलर. १०० पेक्षा कमी. म्हणजे अनुदान शून्याच्याही खाली. माल तोच, शेतकरी तोच, हमीभाव तोच. केवळ चलन बदलले की एकदा आपण गुन्हेगार ठरतो आणि एकदा निर्दोष. पस्तीस वर्षांची महागाई आणि रुपयाची घसरण यांचे सगळे ओझे या एका गोठलेल्या आकड्यावर येऊन पडते. करारातच, १८ व्या कलमात, अतिरिक्त महागाईचा विचार करावा असे एक वाक्य आहे. भारत त्याचा आधार घेतो. पण ‘विचार करावा’ आणि ‘वजा करावी’ यांत किती अंतर आहे, हे वकिलांना सांगायला नको.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने नेमका हाच वाद कापसावर काढला. २०१०-११ ते २०१६-१७ या वर्षांत भारताचा कापसाचा हमीभाव १० टक्क्यांची मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतो, असे निवेदन तिने जिनिव्हात दाखल केले. तिने हिशेब रुपयांत केला आणि देशातला सगळा कापूस धरला. आपले म्हणणे असे की, सीसीआयने प्रत्यक्षात जेवढा कापूस हमीभावाने घेतला तेवढाच धरावा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. बाजार समितीच्या रांगेत ज्यांनी त्याहून कमी भावाने खासगी व्यापाऱ्याला कापूस दिला, त्या शेतकऱ्यांचा कापूसदेखील अमेरिकेच्या या पद्धतीत ‘अनुदानित’ ठरेल. त्या म्हाताऱ्याला हे कसे समजावणार?

कुणी म्हणेल, नियम तर सर्वांना सारखाच. तसे नाही. त्याच तीन वर्षांत जे देश भरमसाठ अनुदान देत होते, त्यांना ते थोडे कमी करून पुढे चालू ठेवण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेचा असा हक्क १९.१ अब्ज डॉलरचा आहे, आणि तो तिला हव्या त्या पिकावर एकवटता येतो. ज्यांनी तेव्हा दिले नव्हते, त्यांना तो हक्क मिळाला नाही. भारताचा हिशेब तेव्हा उणे होता. म्हणजे ज्या काळात आपण शेतकऱ्याला जगाच्या बाजारभावापेक्षा कमी देत होतो, तोच काळ आपली पुढची मर्यादा ठरवून गेला.

मग यावर उपाय काय? दोन देशांचे अनुभव पाहण्यासारखे आहेत. २००२ साली ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस-अनुदानाविरुद्ध खटला भरला. तिथल्या कापूस उत्पादकांच्या संघटनेने त्यासाठी पैसा उभा केला, अर्थशास्त्रज्ञांकडून प्रतिमाने तयार करून घेतली. १९९९ ते २००२ या चार हंगामांत अमेरिकेने कापसावर सुमारे साडेबारा अब्ज डॉलर दिले आणि त्यामुळे जगाचे भाव पडले, असे ब्राझीलने मांडले. २००४ मध्ये निवाडा ब्राझीलच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही टिकला. या खटल्यात भारत त्रयस्थ पक्ष म्हणून नोंदलेला होता. पण शेवट पाहा. अमेरिकेने अनुदान पूर्ण थांबवण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर एकरकमी देऊन प्रकरण मिटवले. स्वतःच्या शेतकऱ्याला अनुदान देता यावे म्हणून परक्या शेतकऱ्यालाही पैसे! आणि आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली हे चार गरीब कापूस-देश, ज्यांनी २००३ पासून हाच प्रश्न न्यायालयाबाहेर, विनंतीच्या मार्गाने मांडला, त्यांना अमेरिकेकडून तशी भरपाई मिळाली नाही. निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठराव त्यांच्या पदरात पडले, परंतु देशांतर्गत अनुदानाचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

दुसरा अनुभव आपलाच. डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे ‘शांतता कलम’ मिळाले. सरकारी धान्यसाठ्यामुळे मर्यादा ओलांडली तरी खटला भरायचा नाही, असे त्याचे स्वरूप. पण ते कलम कायमचा तोडगा निघेपर्यंत टिकेल की नाही, ही शंका होती. जुलै २०१४ मध्ये भारताने व्यापार-सुलभीकरण करारावर संमती रोखून धरली. साऱ्या जगाने टीका केली. नोव्हेंबरमध्ये ते कलम कायम तोडगा निघेपर्यंत चालू राहील, असे लेखी मिळाले. सर्वसंमतीच्या सभेत एका देशाचे ‘नाही’ किती मोलाचे असते, ते तेव्हा दिसले. २०१८-१९ च्या भातखरेदीत भारताला या कलमाचा आधार प्रत्यक्ष घ्यावा लागला.

परंतु विदर्भाने या विजयाकडे थोडे सावधपणे पाहावे. हे कलम पारंपरिक मुख्य अन्नपिकांसाठी आहे. भात आणि गहू त्यात येतात. कापूस अन्न नाही, म्हणून तो बाहेर. ऊसही बाहेर. पंजाबच्या शेतकऱ्याला जी ढाल मिळाली ती यवतमाळच्या शेतकऱ्याला मिळालेली नाही, आणि याची चर्चा मी मराठीत फारशी ऐकलेली नाही. उसाचे तर घडूनही गेले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा आला की, उसाच्या रास्त व किफायतशीर भावामुळे भारताने मर्यादा मोडली. हा पैसा सरकार देत नाही, कारखाना देतो, असे आपण सांगितले. भाव सरकारने ठरवला एवढे पुरेसे आहे, असे उत्तर आले. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. ते अपील तसेच पडून आहे, कारण अमेरिकेने नेमणुका रोखल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळात काम चालवण्यापुरते सदस्यच नाहीत. मघाशी ‘होती’ म्हणावे का असे मी म्हणालो, ते यामुळे. आज या रिकाम्या खुर्च्यांचा आपल्याला लाभ होतो आहे. उद्या आपणच फिर्यादी असू तेव्हा त्याच खुर्च्या आपल्यालाही रिकाम्या दिसतील.

आणखी दोन गोष्टी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सभासद देशाने आपल्या अनुदानाचा हिशेब जिनिव्हाला कळवायचा असतो. भारताने २००४-०५ ते २०१०-११ या वर्षांचा हिशेब सप्टेंबर २०१४ मध्ये कळवला. दहा वर्षे उशिरा वही दाखवणाऱ्याची बाजू खरी असली तरी सावकार तिच्याकडे संशयाने पाहतोच. दुसरे असे की, सगळा दोष जिनिव्हाच्या माथी मारता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. असे करा म्हणून कोणत्याही जागतिक संघटनेने सांगितले नव्हते. उलट त्या ११ टक्क्यांच्या कितीतरी पट शुल्क लावण्याची मुभा आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी १९९४ मध्येच राखून ठेवलेली आहे. गिरण्यांची अडचण खरी होती, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला होता, हे मला ठाऊक आहे. पण निर्णय आपला होता, आणि त्याची किंमत कोरडवाहू शिवारातल्या माणसाने मोजली. सत्तेत कोण आहे यावरून हिशेब बदलत नाही.

मला अनेक जण विचारतात, मग या संघटनांतून बाहेरच का पडू नये? सप्टेंबर २०१४ चा तो उशिरा दिलेला हिशेब ज्यांनी तयार केला, त्या अधिकाऱ्यांची संख्या वाढवा, त्यांना अर्थशास्त्रज्ञ द्या, वकील द्या, आणि मग दहा वर्षांनी हा प्रश्न पुन्हा विचारा, असे माझे उत्तर असते. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या शहरात आहे, १९७६ पासून. आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समिती वॉशिंग्टनला आहे, १९३९ पासून. डिसेंबर २०२३ मध्ये तिचे अधिवेशन मुंबईत भरले, आणि नागपूरच्या संस्थेचे एक माजी संचालक २०१७ मध्ये त्या समितीच्या तांत्रिक विभागाचे प्रमुख म्हणून गेले. विज्ञानात आपली माणसे तिथपर्यंत पोहोचली. व्यापार कायद्याचा अभ्यास करणारा, कापसाच्या घरातून आलेला तरुण मात्र मला अजून क्वचितच भेटला आहे. या सभागृहात विधी महाविद्यालयाचे काही विद्यार्थी मागच्या रांगेत दिसताहेत. त्यांच्यासाठी मी तिसऱ्या परिशिष्टाच्या मराठी भाषांतराच्या प्रती आणल्या आहेत. थोडीच पाने आहेत. बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जा; नववा परिच्छेद मी पेन्सिलीने खुणावून ठेवला आहे. आता प्रश्न असतील तर घेऊ.